सब्ज्याच्या कुंडीखालचा ओंडका

माहूज, मनामा, बहारीन
१२ ऑक्टोबर २०२४

अदीबा,

तुझा बाप जिवंत आहे आणि रागात आहे. या दोन्ही गोष्टी तुला कळाव्यात म्हणून लिहायला बसलोय.

व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलंस, ठीक. टपालाला ब्लॉक करता येत नाही. आणि मराठी वाचता येत नाही असं सोंग आणू नकोस. लाकडाच्या यार्डातल्या तुळयांच्या टोकांवर खडूने अक्षरं काढून मीच तुला वाचायला शिकवलंय. ‘क’ काढला की तू त्याला मिशा काढायचीस. विसरली असशील तर मी विसरलेलो नाही.

तिकडे फिनलंडला, बसस्टॉपवर, दोन परक्या बायांसमोर, तू मला म्हणालीस, “अब्बा, तुम्ही माझं जंगल जाळलंत.” मी काय जाळलं? एक पडलेलं, मेलेलं, साल गेलेलं पाइनचं खोड. बस्स. जंगल तिथेच होतं. तू बोट दाखवत होतीस त्या दिशेला मैलोन् मैल झाडंच झाडं होती.

तू मीटिंगसाठी शहरात गेलीस. मी तुझ्या त्या लाकडी खोपटात एकटा. ऑगस्ट महिना आणि सकाळी तोंडातून वाफ निघते! इथे त्या वेळी लोक दुपारी गाडीचं दार रुमालाने धरून उघडतात. मी तुझी शेड पाहिली. आत चार ढलप्या आणि एक तुटकी खुर्ची. मनात म्हटलं, ही पोरगी इथे थंडीत एकटी राहणार, सूर्य उगवत नाही अशा महिन्यांत, आणि घरात सरपण नाही. मागे जंगलाच्या कडेला ते खोड आडवं पडलेलं, चांदीसारखं करडं, टणक, राळेने भरलेलं. लाकडाच्या धंद्यात माझे केस पांढरे झाले. असं सरपण मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आपल्या गावी खाडीकाठी पावसाआधी प्रत्येक घर आगोट करतं. सुकी मासळी, कांदे, आणि पडवीला छतापर्यंत लाकूड. ज्या घराची आगोट झालेली नाही त्या घराचा बाप तोंड लपवतो. मी आगोट केली, अदीबा. शेजारच्या म्हाताऱ्याकडे खुणा करून करवत मागितली. चिरलं, फोडलं, भिंतीला लावून रचलं. कंबर धरली. रोज संध्याकाळी शेकोटीत घालून बघत होतो, कसं जळतंय ते. काय जळत होतं! तू येशील आणि म्हणशील, अब्बा, कमाल केलीत.

तू आलीस आणि रचलेल्या लाकडापुढे गुडघ्यांवर बसलीस. एकेक ढलपी उलटून बघायला लागलीस. मला आधी वाटलं, आनंदाने.

मग जे झालं ते झालं. मीही बोललो. “मेलेली झाडंच सांभाळ, जिवंत आईबापांची काय गरज,” असं बोललो. आणि मी ते परत घेणार नाही, कारण त्या घटकेला मला तसंच वाटलं होतं.

अम्मीला मी सांगितलंय की कंपनीने लवकर बोलावलं म्हणून आलो. तू वेगळं काही सांगू नकोस.

अब्बा


माहूज
३ डिसेंबर

अदीबा,

उत्तर नाही. हरकत नाही. यार्डातून आल्यावर मला दुसरं काम नसतं.

इथे आता हवा छान झाली आहे. लोक संध्याकाळी समुद्रावर चटया टाकतात. अम्मी शेजारच्या उम्म अल हस्सम भागातल्या दुकानातून नारळ आणते आणि रोज म्हणते, “माझ्या पोरीला तिकडे नारळ मिळत असंल काय?” तुझा फोन तिला येतो, हे मला माहीत आहे. फोन वाजला की ती गॅलरीत जाते आणि दार ओढून घेते. मी मोठ्याने बातम्या लावतो, म्हणजे तिला वाटावं मला ऐकू येत नाही.

कालच तुमच्याकडचा कंटेनर उघडला. व्हाइटवुड, तिकडचं पांढरं लाकूड, दाट वर्तुळांचं. आमच्या यार्डातल्या प्रवीणने फोर्कलिफ्टने गठ्ठा खाली घेतला आणि मला म्हणाला, “चाचा, आज टोकांकडं बघताव किती वेळ?” मी त्याला म्हटलं, तू तुझं काम कर. पण खरं होतं. एकेका फळीच्या टोकाशी वाकून मी बघत होतो. तू लहानपणी विचारायचीस ना, ही इतकी दाट वर्तुळं कशी, आपल्याकडच्या सागाची एवढी दाट का नाहीत? मी सांगायचो, तिकडे उन्हाळा चिमूटभर असतो, झाड चिमूटभर वाढतं. तेव्हा तू म्हणालीस, मग त्याला तोडायला एवढी घाई का करतात. तेव्हा मी हसलो होतो. सगळ्या यार्डाला सांगत फिरलो होतो, माझी पोरगी बघा काय बोलते.

मला वाटतं, तुला जंगलाकडे पाठवलं ते मीच. मग मला जंगलाचा शत्रू कसं म्हणतेस?

हो, एक राहिलंच. त्या खोडाचा एक ओंडका मी बॅगेत घालून आणला आहे. बुंध्याजवळचा, वीतभर उंच. वर्तुळं इतकी दाट की नखाने वेगळी करता येत नाहीत. यार्डात मिरवायचा होता. मग मिरवावासा वाटेना. आता गॅलरीत अम्मीने त्याच्यावर सब्ज्याची कुंडी ठेवली आहे. ती रोज पाणी घालते, कुंडीतून पाणी गळतं, ओंडका ओलाच असतो. बिचाऱ्याला बहारीनमध्ये पाऊस मिळतोय.

हल्ली अम्मी कुरकुर करते की कुंडीखाली रोज भुसा पडतो. पिठासारखा, बारीक. मी म्हटलं, लाकूड सुकलं की भुसा सोडतं. ती समाधानी झाली.

तुला खोटं सांगत नाही. लाकूड सुकलं की भुसा सोडत नाही. आत काही असलं की सोडतं, हे यार्डातला नवा पोरगाही सांगेल. यार्डात नेऊन किडे मारायच्या गरम खोलीत ठेवायला हवा, एका दिवसाचं काम. दर शुक्रवारी ठरवतो आणि राहून जातं.

अब्बा


माहूज
२० फेब्रुवारी

अदीबा,

काल तुझ्या फोननंतर अम्मी गॅलरीतून बाहेर आली ती डोळे पुसत. मला वाटलं, कुणी आजारी आहे. ती म्हणाली, “ती ज्या जंगलावर काम करते ना, ते तोडणार हायत. बर्फ हाय तोवरच, मग गाड्या रुततात. पोरगी रडत व्हती.”

मी विचारलं, का तोडतायत? ती म्हणाली, कसलातरी किडा सापडायचा होता, तो सापडला नाही.

अदीबा, मी जेवलो नाही. तू माझ्यावर ओरडलीस तेव्हा मी अर्धंच ऐकलं होतं, राग कानात असतो तेव्हा बाकी काही शिरत नाही. आता ते सगळं एकेक करून आठवतंय. तू म्हणाली होतीस की जंगलाची मालकीण वाईट बाई नाही. तिने तुला हिवाळ्यापर्यंतचा वेळ दिलाय. तो लांब मिशांचा, केसाळ पाठीचा भुंगेरा तिथे जिवंत राहतो हे दाखवलंस तर सरकार तिला भरपाई देईल आणि तो तुकडा राखून ठेवता येईल. तू म्हणाली होतीस की तो फक्त उन्हात पडलेल्या जुन्या, जाड पाइनच्या खोडात राहतो, त्याची अळी वर्षानुवर्षं आतच लाकूड खात असते, आणि ताजी भोकं तुला त्या एकाच खोडावर दिसली होती. त्याच उन्हाळ्यात तो बाहेर येईल म्हणून तू वाट बघत होतीस.

आणि मी ते खोड शेकोटीत घातलं. कसं जळतंय ते बघायला.

मला हेही आठवतंय की तू कधी म्हणाली नाहीस, झाडं तोडू नका. तुझी अम्मी भावांना सांगते, आमची पोरगी झाडं वाचवते, तेव्हा तू चिडतेस. तू म्हणतेस, तोडा, पण सगळी एकदम नको. काही म्हातारी राहू द्या, मेलेली पडू द्या, मेलेल्या झाडाच्या जिवावर जिवंत झाडापेक्षा जास्त जीव जगतात. मला ते तेव्हा शाळेतल्या पुस्तकासारखं वाटलं होतं. आमच्या धंद्यात मेलेलं लाकूड म्हणजे माल. पडून सडू दिलं तर गुन्हा. आमच्या गावात वाऱ्याने झाड पडलं तर रात्र व्हायच्या आत त्याची फांदीही शिल्लक राहत नाही, आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे.

तरी मी विचारतो. एवढ्या मोठ्या जंगलात एकच खोड? इतर कुठे बघितलंस का? नीट बघितलंस का? बापाने एक लाकूड चिरलं म्हणून अख्खं जंगल जातं, असं असतं का कुठे?

मला उत्तर पाहिजे. शिवी दिलीस तरी चालेल.

अब्बा


माहूज
१ एप्रिल

अदीबा,

ईदचा तिसरा दिवस आहे. काय झालं ते सांगतो आणि आधीच सांगतो की मी काय केलं.

ईदच्या दुपारी प्रवीण आला होता शिरखुर्मा प्यायला. दर वर्षी येतो, आणि दर वर्षी अम्मी त्याला डबा भरून देते. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो होतो. इतक्यात गॅलरीतून अम्मीची किंकाळी. मी धावलो. पडद्यावर एक किडा बसला होता, माझ्या अंगठ्याएवढा, तपकिरी. मी पायातली चप्पल काढली आणि मारली.

यार्डात हेच करतो ना मी. मालात एक जिवंत किडा दिसला तर पूर्ण कंटेनर अडकतो. आधी मारायचा, मग विचार करायचा. माझ्या हाताला विचारायची सवयच राहिलेली नाही.

तो खाली पडला, उलटा. अम्मी म्हणाली, “खलास?” मी म्हटलं, खलास. प्रवीण वाकला आणि म्हणाला, “चाचा, ह्याच्या मिशा बघा केवढ्या. आणि पाठीवर केस हायत, उंदरासारखे.”

मग मी पाहिला. तुझ्या खोपटात, चुलीच्या वरच्या भिंतीवर तू त्याचा फोटो लावला होतास. मी रोज त्या फोटोखाली बसून चहा प्यायचो.

कुंडी उचलून खाली ठेवली. ओंडक्याच्या बाजूला भोक होतं, लांबट, बोट जाईल एवढं, कडा अगदी ताज्या. तुझ्या खोडाच्या आत तो होता, अदीबा. मी चिरलं त्याच्या बाजूने करवत गेली. मी बॅगेत घातला, विमानात घातला, इथल्या उन्हात आणला, आणि तुझ्या अम्मीने त्याला रोज पाणी पाजून जगवला. आणि बाहेर आल्यावर त्याला पहिली भेट झाली ती माझ्या चपलेची.

मी तिथेच फरशीवर बसलो. अम्मीला सगळं सांगितलं, प्रवीणच्या समोरच. कंपनीने बोलावलं नव्हतं, आपलं भांडण झालं होतं, खोड, शेकोटी, सगळं. मला वाटलं ती ओरडेल. तिने माझ्या हातातली चप्पल काढून घेतली. मग म्हणाली, “पोरीला थंडी वाजंल म्हणून केलाव ना? मग तेवढाच तिला सांगायचा. भांडलाव कशाला?”

मी उठलो आणि कापूस शोधायला गेलो.

तिच्या फोनवरून तुला फोटो पाठवलाय. तो माझ्याकडे आहे, कापसात, अम्मीच्या अत्तराच्या रिकाम्या डबीत. एक पाय तुटलाय, बाकी पूर्ण आहे. ओंडकाही आहे. करवतीची खूण त्या बुंध्याशी जुळेल, तू लावून बघ. त्या मालकीणबाईला दाखव. तिला सांग की तो होता, इथेच होता, माझ्या बापाने नेला. माझं नाव सांग, हवं तर माझा फोटो दाखव. फक्त त्यांना थांबव. मेहेरबानी करून लवकर उघड हे पत्र.

अब्बा


माहूज
१६ मे

अदीबा,

अम्मीच्या फोनवर तुझा मेसेज आला होता तो मी इतक्यांदा वाचला की अम्मीने शेवटी फोन काढून घेतला. तू इंग्रजीत लिहिलंस. जंगल मार्चमध्येच पडलं, बर्फ वितळायच्या आत. अत्तराच्या डबीने आता काही होत नाही. मालकीणबाईने भुंगेऱ्याचा फोटो बघितला आणि ती रडली, असंही तू लिहिलंस. आणि तिने तुझ्यासाठी पाच-सहा म्हातारी झाडं मध्येच उभी ठेवली आहेत, मोकळ्या रानात. तू लिहिलंस की ती बघवत नाहीत.

मी तुझी माफी मागणार नव्हतो. आता मागतो, आणि त्याने काही उभं राहणार नाही हे मला कळतं. लाकडाच्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

आता यार्डात कंटेनर उघडला की वास येतो आणि मी फळीवर हात ठेवून थांबतो. हे लाकूड तुझ्या जंगलाचं नसेल कशावरून? प्रवीण म्हणतो, “चाचा, तसा विचार करशीला तर घरात चौकट पण लावता येनार नाय.” खरं आहे. मीही लावतोच आहे. पुढच्या आठवड्यात सनाबिसच्या एका इमारतीचा माल जायचाय, दारं आणि चौकटी. मी तो पास केला.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

गेल्या गुरुवारी ओंडका मी यार्डात न्यायला निघालो होतो. एक भुंगेरा निघाला, म्हणजे आता रिकामा झाला, आणि मला तो डोळ्यांसमोर नको होता. पिशवीत घातला, लिफ्टमध्ये मांडीशी धरला, आणि आवाज आला. आधी वाटलं, लिफ्टचाच. लिफ्ट थांबली तरी येत राहिला. कुर्र, मग थांबलं, मग पुन्हा कुर्र. चिमणीने दाणा फोडावा तसा. मी कान लावला. लिफ्टमधली फिलिपिनो बाई माझ्याकडे बघतच राहिली. लाकडाला कान लावून उभा असलेला म्हातारा तिने कशाला पाहिला असेल!

आत अजून एक आहे, अदीबा.

मी घरी परत आलो. त्या दिवशी मी कामाला गेलो नाही, कारण काय सांगू ते सुचेना.

गॅलरीत आता ठेवता येत नाही. काच दुपारी हाताला भाजते. ओंडका आमच्या झोपायच्या खोलीत आणला आहे, आणि एसी सोळावर. दारं बंद, पडदे ओढलेले, कुंडी ओंडक्यावर जशीच्या तशी, कारण तिच्याच पाण्यावर तो जगलाय आणि मला काही बदलायची हिंमत नाही. अम्मी स्वेटर घालून नमाज पढते. मी तुझा तो निळा मफलर गळ्यात घालतो. तूच दिला होतास, बसस्टॉपवर माझ्या अंगावर फेकलास तो. अम्मी शेजारणीला फोनवर म्हणते, “आमच्या घरान हिवाळा हाय, बाहेर आग.” शेजारणीला वाटतं आमचा एसी बिघडलाय, तिने मेकॅनिकचा नंबर पाठवला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी घरी येतो. कॉम्प्रेसर क्षणभर थांबतो तेव्हा ऐकू येतं. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी यार्डात मी सगळ्यांवर खेकसतो. प्रवीण आता सकाळी आधी विचारतो, “बोलला काय आज?” मग ठरवतो माझ्या वाटेला जायचं की नाही.

हे अम्मीने तुला फोनवर सांगितलं तेव्हा मी दारामागे उभा होतो. बातम्या लावल्या नव्हत्या. अम्मीने फोन स्पीकरवर ठेवला होता. मग तू म्हणालीस, एकट्याने काही होत नाही, अम्मी. जोडी लागते, खोड लागतं, ऊन लागतं, आजूबाजूला तसं जंगल लागतं. एक अळी म्हणजे जंगल नाही. मला ते ऐकू आलं, आणि ते खरं आहे हे कळलं. तो इथे आमच्या खोलीत खातोय, वाढतोय, आणि त्याला माहीत नाही की बाहेर त्याच्यासाठी काहीच उरलेलं नाही. जो काही उरलाय तो तोच.

मग तू माझं नाव काढलंस. अम्मीने फोन माझ्या कानाला लावला तेव्हा तुला माहीत नव्हतं की मी आहे, की माहीत होतं? तू म्हणालीस, “अब्बांना सांग, एसी बंद करू नका. फोडू नका, उघडू नका, हलवू नका. मी येतेय.”

तू म्हणालीस की उत्तरेला अजून एक जुनं जंगल राखलेलं आहे, तिथे पडलेली खोडं आहेत, तिथे तू त्याला ठेवून बघणार. जगेल याची खात्री नाही. मी खात्री मागत नाही. ओंडका विमानात माझ्या मांडीवर न्यायचा झाला तर मी नेईन. तू नको म्हणालीस तर नाही नेणार. यापुढे तुझ्या लाकडाला तुला विचारल्याशिवाय हात लावणार नाही.

विमानतळावर अम्मी येईल. मी येणार नाही, रागावू नकोस, घरी कुणीतरी पाहिजे. इथे मधूनच वीज जाते आणि तेवढ्या वेळात खोली तापते. त्यासाठी मी बर्फाच्या पिशव्या भरून ठेवल्या आहेत. त्या ओंडक्याभोवती रचायच्या, भिंतीसारख्या. रचायला मला जमतं.

बेल वाजवू नकोस, किल्ली अम्मीकडे आहे. आलीस की आत ये, आणि दार लगेच लावून घे. गारवा बाहेर जातो.

अब्बा